सुप्रमासाहेब

आमच्या इस्लापुरात मुख्य रस्ता सिमेंटचा झाला आणि सुप्रमासाहेबांना न खोदता तळघर मिळालं. तसा तो रस्ता दर डांबरीकरणाला वीतभर वर येतच होता, पण या खेपेला एकदम अडीच फूट चढला. साहेबांच्या वडिलांनी बांधलेला दगडी तळमजला, ज्यात एके काळी आढ्यापर्यंत कापूस भरलेला असे, त्याच्या खिडक्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांच्या पातळीला आल्या. घरातून रस्त्यावर यायला पायऱ्या चढाव्या लागू लागल्या. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता, नाहीतर चार माणसं गोळा करून ओरडला असता. साहेब टेप काढून पायऱ्यांची उंची घेत होते. "उत्खनन वाचलं," ते मला म्हणाले. "तळघराच्या अंदाजपत्रकातली सगळ्यात मोठी बाब शून्यावर आली. आता फक्त नूतनीकरण."

सुप्रमा हे त्यांचं नाव नव्हे. ते पाटबंधाऱ्यात शाखा अभियंता होते, आणि त्या खात्यात 'सुधारित प्रशासकीय मान्यता' हे चार ओळींचं दुखणं लोकांनी 'सुप्रमा' या तीन अक्षरांत बसवलेलं आहे. काम ठरतं, अंदाजपत्रक होतं, मान्यता मिळते. मग दर वाढतात, भूसंपादन वाढतं, नकाशा बदलतो आणि फाईल पुन्हा वर जाते ती सुप्रमा घ्यायला. साहेबांची सगळी नोकरी या चढउतारात गेली. आमच्याच नदीवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाचे आकडे त्यांना पाठ आहेत: १९९७ साली मान्यता मिळाली तेव्हा सुमारे १,४०२ कोटी, आणि २००९ च्या सुधारित मान्यतेत १०,४२९ कोटी. हे आकडे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसते. नातू केवढा उंच झाला हे सांगणाऱ्या आजोबांचा जो भाव असतो, तो असतो. त्यांचा स्वतःचा त्या प्रकल्पाशी काही संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. पण शेजारच्याच्या नातवाचंही कौतुक करणारे लोक असतात.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी, कमरेला पाच मीटरचा टेप. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी टेप उतरलेला नाही. गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की लोक आधी भटजीकडं जातात आणि मग साहेबांकडं. आठशे पानांच्या पंगतीला तांदूळ किती, तूरडाळ किती, बुंदीला बेसन किती, हे ते लाकडं आणि पत्रावळीसकट काढून देतात, आणि गावाचा अनुभव असा की त्यांचा आकडा चुकत नाही. लोकांच्या कामात चुकत नाही. स्वतःच्या कामात चुकायला ते काम व्हावं लागतं, आणि तिथंच गाडी अडते. घराच्या गच्चीचं अंदाजपत्रक त्यांच्याकडं आहे, विहिरीच्या कठड्याचं आहे, न्हाणीघराचं तर दोन रंगांच्या शाईत आहे. न्हाणीघराचं दार मात्र अजून दोरीनं बांधावं लागतं.

कागदात लिहिलेलं तेवढंच खरं, ही त्यांची श्रद्धा, आणि त्या श्रद्धेला ते इतिहासाचा आधार देतात. वडिलांच्या घराची कागदपत्रं उर्दूत आहेत, निजामाच्या अमलातली. तेव्हा हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे आख्खे तालुके इकडं आले, आणि त्यांच्याबरोबर बोथ तालुक्यातलं एकटं इस्लापूर सर्कल. बाकीचा बोथ तिकडंच राहिला. कायद्याच्या कलमात आपल्या सर्कलचं नाव घेऊन उल्लेख आहे, हे साहेब दर १ नोव्हेंबरला कुणाला तरी सांगतातच. "त्या लिहिणाऱ्या माणसानं एक बाब गाळली असती ना," ते म्हणतात, "तर आज आपण तेलंगणात असतो. म्हणून बाब गाळायची नसते."

तर तळघर. त्याचं मूळ त्यांच्या मुलाच्या एका वाक्यात आहे. मुलगा पुण्याला हिंजवडीत एका संगणक कंपनीत आहे. दिवाळीला, पोळ्याला येतो तेव्हा त्याच्या मागं मीटिंगा लागलेल्या असतात. केबलवाल्यानं फायबर वरच्या मजल्यावर आणून दिलाय, पण वर पाहुणे, पोरं, टीव्ही आणि मामींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, मिक्सर. खाली तळमजल्यात शांतता आहे, तर तिथं वायफाय उतरत नाही. मधे स्लॅब आणि भोवती अठरा इंची दगडी भिंत. मोबाईलची रेंजसुद्धा उंबऱ्यावर थांबते. तेव्हा एकदा मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, खालच्या खोलीत एक टेबल आणि वायरनं नेट आणून दिलंत, तर मी इथूनच काम करीन. महिना-महिना राहीन." हे वाक्य घरातल्या दोघांनी ऐकलं. मामींनी ऐकलं 'महिना-महिना राहीन'. साहेबांनी ऐकलं 'वायरनं नेट'.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली गेली. लाल फडक्यात बांधायची, बंदाची फाईल. असल्या फायली आता ऑफिसातही मिळत नाहीत, साहेबांकडं साठा आहे. वर शीर्षक: 'राहत्या घराच्या तळघराचे नूतनीकरण व अंतर्गत संगणक जाळे जोडणीचे काम, मौजे इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड'. आत पहिली बाब: 'अस्तित्वातील खराब गिलावा काढणे, सांधे खरवडणे, मलबा ५० मीटर अंतरापर्यंत वाहून नेऊन अभियंत्याच्या निर्देशानुसार टाकणे, सर्व लीड व लिफ्टसह, संपूर्ण'. अभियंता ते स्वतः. मलबा टाकायची जागा त्यांच्याच परसातला खड्डा, दारापासून अकरा मीटरवर. पण दरसूचीत ५० मीटरची बाब आहे, अकराची नाही, त्यामुळे खड्डा लांब करण्याचाही विचार झाला.

खाली बेरजेनंतरच्या टकलावर टोप्या: वस्तू व सेवा कर, कामगार कल्याण उपकर एक टक्का, साहित्य चाचणीचा खर्च, पाच टक्के आकस्मिक. मी विचारलं, "साहेब, घरचंच काम, उपकर कुणाला भरायचा?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भरायचा नाही हो. दाखवायचा." पहिलं अंदाजपत्रक झालं १ लाख ८६ हजारांचं. तांत्रिक मान्यता त्यांनीच त्यांना दिली. प्रशासकीय मान्यतेसाठी फाईल स्वयंपाकघरात गेली. मामींनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "अहो, यात पाणी कसं थांबणार ते कुठं लिव्हलंय?" साहेबांनी समासात नोंद केली: 'चर्चा करावी'. चर्चा झाली नाही.

पाण्याचा मुद्दा मामींचा, आणि तोच खरा होता. किनवट-माहूरकडं मराठवाड्याच्या मानानं पाऊस चांगला. सहस्रकुंडला धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्याच्या गाड्या येतात त्या उगाच नाही. रस्ता वर आल्यापासून त्याचं सगळं पाणी साहेबांच्या भिंतीला येऊन टेकत होतं. वडिलांनी काळी माती काढून खाली मुरुमापर्यंत पाया नेला होता, म्हणून घर उभं होतं. नाहीतर आमची काळी भुई पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगा टाकते आणि वरच्या भिंतीला तसंच नाचवते. हे सगळं साहेबांना माझ्यापेक्षा दसपट कळतं. त्यावर त्यांनी उपाय लिहिला होता तो असा: आतून दोन हात रासायनिक जलरोधक लेप, दर चौरस मीटरप्रमाणे. बाहेरून येणारं पाणी आतल्या लेपाला भीत नाही, ते लेपाच्या मागं साठतं आणि एक दिवस पापुद्र्यासकट आत येतं, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. पण लेपाला दरसूचीत क्रमांक होता.

मिस्त्री निवडणं हा पुढचा टप्पा. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं, बंद पाकिटात. गावात दगडी कामाची जाण असलेलं एकच घर. साहेबांनी त्यातल्या थोरल्याला, धाकट्याला आणि त्यांच्या मेव्हण्याला अशी तीन पत्रं दिली. ठरल्या दिवशी ओसरीवर पाकिटं उघडली. तिन्हीत रक्कम एकच, अक्षरही एकच. थोरल्याच्या दहावीतल्या मुलीचं. साहेबांनी निविदा रद्द केली आणि शेरा मारला: 'संगनमत'. थोरला मिस्त्री पार गोंधळून गेला. "साहेब, आमी तिगं एकाच चुलीवर जेवतो, भाव येगळा कसा आसंल? आन् पाकीट कायला पायजे, तुमी मनाल तेवढं घेतो की." हे वाक्य ऐकून तर साहेबांनी फेरनिविदेचाही नाद सोडला. 'तुम्ही म्हणाल तेवढं' हा दर कोणत्याच सूचीत नाही.

आता वायरीकडं वळतो, कारण इथं साहेबांचं खरं तेज दिसलं. साठी उलटलेल्या माणसानं एखादा नवा विषय असा घोटून प्यावा, हे मी तरी दुसरीकडं पाहिलेलं नाही. पंधरा दिवसांत त्यांना कळलं की कॅट सिक्स केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळांत. पीळ अशासाठी की शेजारच्या तारेचा गोंगाट कापला जावा. एका ओढीत शंभर मीटरच्या पुढं जायचं नाही. विजेच्या वायरीला चिकटून न्यायची नाही, वेगळ्या पाईपातून न्यायची. टोकाला आरजे-४५ बसवताना रंगांचा क्रम ठरलेला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सकाळी आंघोळ करताना ते हा क्रम मोठ्यानं म्हणायचे. मामींना वाटलं नवीन स्तोत्र आहे. त्यांनी पाचव्या दिवसापासून निरंजन लावून ठेवायला सुरुवात केली.

आमच्या भागात हे काम करतात ती सीसीटीव्ही बसवणारी पोरं. हिमायतनगरहून एकजण आला, मोटारसायकलवर केबलीचा खोका बांधून. साहेबांनी चाकूनं तार खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरं लखलखलं. "हे तांबं नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे." पोरगा म्हणाला, "सर, सगळे हेच वापरायलेत. कुणी खरडून बगत नाई." "मी बघतो," साहेब म्हणाले, आणि खोका परत गेला. इथं मात्र साहेबांना मनापासून हात जोडावेसे वाटले. असली केबल जरा जास्त वाकवली की आत तुटते, लांब अंतरावर दम सोडते, आणि भिंतीत पुरल्यावर दोष कुठं हे शोधायला भिंतच फोडावी लागते. पोराचाही काही फार गुन्हा नव्हता. त्याला दुकानदारानं कॅट सिक्स म्हणून दिली, त्यानं कॅट सिक्स म्हणून बांधली.

मग चांगली तांब्याची केबल मागवली ती पार्सलनं. पार्सल गेलं सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला, जे आता ईश्वरपूर झालंय. तिथून फिरून आलं ते ईसापूरच्या नावानं, धरणाच्या गावी. आमच्या गावच्या नशिबी हे नेहमीचंच. वर्षाला दोन-तीन लग्नपत्रिका तरी आम्हाला लग्न झाल्यावर मिळतात. शेवटी खोका आला. त्यात ३०५ मीटर केबल. जगभर हा खोका असाच येतो, हजार फुटांचा. साहेबांची गरज होती सत्तर मीटरची.

आणि इथं अंदाजपत्रकानं वळण घेतलं. दुसऱ्या कुणी उरलेली केबल कोनाड्यात ठेवली असती. साहेबांच्या मते आणलेलं साहित्य कामात दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्या सुप्रमात जोडण्या वाढल्या. तळघरात चार होत्या त्या सहा झाल्या. देवघरात एक ठेवली. गोठ्यात एक, म्हणजे पुढंमागं म्हशीवर कॅमेरा बसवता येईल. ओसरीवर एक, परसात एक, आणि तुळशीवृंदावनाच्या मागं एक, जिचं कारण विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "राखीव." या सगळ्या तारा एकत्र यायला आठ पोर्टचा स्विच पुरेना, सोळाचा आला, सोळाच्या स्विचला कपाट, कपाटाला पंखा. प्रत्येक टोकाला क्रमांक: त/१, त/२, दे/१, गो/१. मुलानं फोनवरून सांगून पाहिलं की आपला प्लॅन शंभर एमबीपीएसचा, ही केबल एवढ्याशा अंतरावर दहा गिगाबिट सोसते, आणि म्हशीला नेट नको आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि टिपण लिहिलं: 'लाभार्थ्याचे म्हणणे नोंदवले'. एकूण २ लाख ७१ हजार.

ऑगस्टात मुसळधार पाऊस झाला. तळघरात पोटरीभर पाणी साचलं आणि त्यात केबलीचा खोका तरंगायला लागला. मामींनी पदर खोचून तो वर नेला. थोरला मिस्त्री बघायला आला, भिंतीवर हात फिरवला, बाहेर जाऊन रस्त्याकडं पाहिलं, मागच्या उताराकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, लेप-बिप ऱ्हाऊ द्या. हे पाणी कुटून यायलंय ते बगा आदी. भितीच्या कडंनं चर घेऊ, खडी भरू, आत भोकाचा पाईप टाकू अन् मागं नाल्याकडं काडून देऊ. पाणी आपल्या वाटंनं जातंय, मग आत कामून येतंय?" त्यानं तिथल्याच पडक्या गिलाव्यावर कोळशानं हिशोब मांडला: खडी एवढी, पाईप एवढा, माणसं दोन, दिवस चार. साहेबांनी तो हिशोब वहीत उतरवून घेतला आणि खाली लिहिलं: 'दर विश्लेषण जोडलेले नाही'.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. गावात ज्यांचं बांधकाम चालू होतं त्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. साहेब मात्र दोन दिवस बेचैन. त्यांच्या सगळ्या आयुष्यात दर कमी होऊन सुप्रमा करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. पोत्यामागं तीसेक रुपये वाचत होते, चाळीस पोत्यांचे बाराशेच्या आसपास. मी म्हटलं, बरं झालं की. "बरं कसं? मंजूर निधी शिल्लक दाखवला की पुढच्या वेळी कपात होते." कुणाचा निधी, कोण कपात करणार, हे मी विचारलं नाही. त्या बाराशे रुपयांना जागा करून देण्यासाठी दुसऱ्या सुप्रमात छताला पीओपी आलं, पीओपीत दिवे आले, आणि स्विच-राऊटरला वीज गेल्यावर चालवणारा छोटा यूपीएस आला. एकूण ३ लाख ४० हजार. त्यातली यूपीएसची बाब क्रमांक २३ लक्षात ठेवा.

नोव्हेंबरात साहेब हयातीचा दाखला द्यायला नांदेडला गेले. घरबसल्या मोबाईलवर देता येतो हे त्यांना माहीत आहे, पण आपण जिवंत आहोत हे आपण स्वतः हजर राहून सांगावं असं त्यांचं मत. मामी बरोबर जाणार होत्या. रानात कापूस वेचणीची माणसं लागली होती म्हणून थांबल्या. सहस्रकुंड स्टेशनवरून त्यांना गाडीत बसवलं, त्या वेळी साहेबांच्या पिशवीत फाईल होती. नांदेडला बहिणीनं त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, मोतीबिंदू पिकला होता, तो काढला, आणि डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस लिहायचं-वाचायचं नाही. बहीण फोनवर सांगत होती, "दादा कॉटवर पडून भिंतीकडं बघत बोटं मोजायलाय. काय मोजतोस म्हणलं तर म्हणतो, काही नाही, टाईल्स."

इकडं मामींनी थोरल्या मिस्त्रीला बोलावलं. पाकीट नाही, पत्र नाही. बचत गटातून काही उचललं, वेचलेल्या कापसाचे काही आले, त्यावर काम सुरू झालं. आधी चर, मग भिंती वाळू दिल्या, मग गिलावा, खाली शहाबादी फरशी, चुना. हिमायतनगरच्या त्याच पोराला बोलावून पाईपांतून केबल ओढून घेतली, साहेबांनी आणलेल्या खोक्यातली, अस्सल तांब्याची. जोडण्या चार. गोठा नाही, तुळस नाही. मामी मधे मधे खाली येऊन एवढंच बघायच्या की टेबल खिडकीशी ठेवलं तर पोराच्या डोळ्यांवर उजेड कसा पडेल. सगळं मिळून १ लाख १२ हजार.

साहेब आले ते काळा चष्मा लावून. पायऱ्या उतरून खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आम्ही ओसरीवर श्वास रोखून बसलो होतो. मिस्त्री तर निघायच्या बेतात होता. वर आले, पाय धुतले, मामींकडं न बघता म्हणाले, "टेप कुठं आहे?" नंतरचे दिवस त्यांनी खाली मोजमाप घेण्यात घालवले. गिलावा, फरशी, चर, पाईप, सगळं मोजमाप पुस्तिकेत चढलं, डाव्या पानावर लांबी-रुंदी, उजवीकडं परिमाण. फरशी सव्वा चौरस मीटर कमी निघाली. कोपऱ्यात कपाट येणार म्हणून मिस्त्रीनं तिथं टाकलीच नव्हती. चर ही 'जादा बाब' ठरली. मग शुद्ध अक्षरात एक कागद तयार झाला: सदर काम तातडीची निकड लक्षात घेता मंजुरीपूर्वी करण्यात आले असून त्यास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. खाली सही. मामींच्या सहीसाठी जागा. मामींनी सही केली आणि विचारलं, "आता तरी चहा घेता का?"

मिस्त्रीचे सहा हजार राहिले होते ते साहेबांनी दोष निवारण कालावधीसाठी अनामत म्हणून रोखले. एक पावसाळा जाऊ दे, ओल आली नाही तर परत. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाऊस जूनमदी हाय. मुलीची फी आत्ता हाय." साहेब नियमावर अडून राहिले. मागच्या दारानं मामींनी पैसे दिले. हे साहेबांना माहीत आहे आणि त्यांनी ते नोंदवलेलं नाही, ही त्यांच्या आयुष्यातली गाळलेली बाब मला तरी एवढी एकच ठाऊक आहे.

वर्षअखेरीच्या सुट्टीत मुलगा आला. खाली बसला, लॅपटॉपला वायर लावली आणि खूश होऊन ओरडला की इथं पुण्यापेक्षा बरं चालतंय. मामी जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप चालू, पण वरचा राऊटर बंद, फायबरचा डबा बंद, मीटिंग बंद. मुलगा हताश झाला. मामींचा चेहरा उतरला. सगळं केलं होतं, एवढंच राहिलं होतं. साहेब उठले. कपाट उघडलं. बंदाच्या फायलींच्या मागून एक छोटा खोका काढला, बिल लावलेला, न फोडलेला. "बाब क्रमांक तेवीस," ते म्हणाले. "आगाऊ खरेदी. दुसऱ्या सुप्रमात मंजूर होती." डोळ्याचं पथ्य विसरून त्यांनी स्वतः त्याच्या वायरी जोडल्या. हिरवा दिवा लागला. त्या संध्याकाळी साहेबांनी भेटेल त्याला हा प्रसंग सांगितला, आणि दर वेळी त्यात यूपीएसची क्षमता आली, मामींचा चर आला नाही.

मुलगा तीन आठवडे राहिला. महिना-महिना म्हणाला होता. तो फरक साहेबांच्या हिशोबात 'अपेक्षित विरुद्ध प्रत्यक्ष' या रकान्यात बसतो, मामींच्या कुठल्या रकान्यात बसतो ते मला सांगता येणार नाही. जाताना त्यानं मामींना सांगितलं, होळीला येतो, तोवर खाली एक पंखा लावा. मामींनी दुसऱ्याच दिवशी पंखा आणला. साहेब त्यासाठी अजून दरपत्रकं मागवतायत, पंखा फिरत असताना.

गेल्या रविवारी ते आमच्या अंगणात दिसले. एका हातात टेपचं टोक, दुसऱ्यात वही. टेपचं दुसरं टोक त्यांच्या तळघराच्या खिडकीशी हिमायतनगरच्या पोरानं धरलं होतं. "अडतीस मीटर," ते मला म्हणाले. "शंभराच्या आत आहे, काळजी नको. दोनशे पस्तीस मीटर शिल्लक आहे, ते निकाली काढायचं. तुमच्याकडं दोन जोडण्या देतोय, पलीकडं वाण्याकडं दोन, मारुतीच्या पारावर एक." मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडं कॉम्प्युटर नाही. आणि वायर आली तरी त्यात नेट कुठून येणार?"

त्यांनी वहीचं पान उलटलं. "ते दुसऱ्या टप्प्यात आहे. आधी मला सांगा, तुमच्या घरी प्रशासकीय मान्यता कोण देतं, तुम्ही की वहिनी?"